बिडाचा जुना रेडिएटर: ओळख आणि किंमत याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॉस्टन, न्यू जर्सी, शिकागो किंवा इंग्लंडमध्ये शंभर वर्षांचे घर घेतले की घराबरोबर खोल्या तापवणारे बिडाचे रेडिएटरही पदरात पडतात. मग ठेवावे, विकावे की भंगारात द्यावे, हा प्रश्न येतो. असे घर घेतलेल्या मराठी मंडळींसाठी ही उत्तरे आहेत. उदाहरणे मुख्यतः अमेरिकेतली आहेत, कारण हा माल तिथेच सर्वात जास्त ओतला गेला.

रेडिएटरवर कंपनीचे नाव दिसत नाही. सुरुवात कुठून करायची?

नावाच्या मागे लागू नका, आधी आकार ओळखा. नाव रंगाच्या सात थरांखाली गेलेले असू शकते, आकार मात्र लपत नाही. पाच गोष्टी लिहून घ्या: जमिनीपासूनची उंची, सेक्शनची (एकाला एक लागून जोडलेल्या उभ्या भागांची) संख्या, एका सेक्शनमध्ये पुढून मागे किती कॉलम किंवा नळ्या आहेत, पुढून मागेपर्यंतची खोली, आणि एका सेक्शनची जाडी. जाडी एकाच सेक्शनची मोजू नका. दहा सेक्शनची एकूण लांबी मोजून दहाने भागा, म्हणजे चूक कमी होते.

जाड, फुगीर खांब दिसत असतील तर तो कॉलम प्रकार. तो साधारण १९२० च्या दशकापर्यंत चालला. बारीक, गोलसर, जवळजवळ नळ्या असतील तर तो ट्यूब प्रकार, १९२० च्या दशकापासूनचा. सेक्शनची जाडी पावणेदोन इंच भरली तर तो आणखी नंतरचा, सडपातळ नळ्यांचा माल. सपाट तोंडाचे, भिंतीच्या कोनाड्यात बसणारे रेडिएटर बहुतेक दुसऱ्या महायुद्धानंतरचे असतात. ते उष्णता उत्तम देतात, पण त्यांना अँटिक म्हणून कोणी पैसे मोजणार नाही.

मग नाव कुठे ओतलेले असते?

दोन्ही टोकांच्या सेक्शनवर, वरच्या किंवा खालच्या जोडाच्या गोल उंचवट्याभोवती. कधी आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे. टॉर्च समोरून न मारता बाजूने, पृष्ठभागाला जवळपास समांतर धरा. सावलीत उठाव उमटतात. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिलची आडवी बाजू घासली की अक्षरे कागदावर येतात. वाचायच्या नादात रंग खरवडू नका, त्याचे कारण पुढे येईलच.

एक नेहमीची फसगत: व्हॉल्व्हवरचे नाव रेडिएटरचे समजणे. क्रेन, जेनकिन्स, हॉफमन ही नावे व्हॉल्व्ह आणि एअर व्हेंटवर (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या भागावर) सर्रास दिसतात. ते भाग प्लंबरने नंतर कधीही बदललेले असू शकतात. ओळख रेडिएटरच्या अंगावरच्या ओतीव अक्षरांवरून करायची.

‘पॅट.’ आणि एक तारीख दिसते. तेच उत्पादनाचे वर्ष का?

नाही. ती पेटंटची तारीख. त्या वर्षाच्या आधी तो तुकडा ओतला गेलेला नाही, एवढेच त्यावरून कळते. एकदा लाकडी नमुना तयार झाला की कारखाना तोच पुढे कितीतरी वर्षे वापरी आणि तारीखही तशीच ओतली जाई. अमेरिकेत त्या काळी नक्षीच्या पेटंटची मुदत साडेतीन, सात किंवा चौदा वर्षांची असे. म्हणजे ‘पॅट. १८९८’ असलेला रेडिएटर १९१० साली ओतलेला असणे अगदी शक्य आहे.

तरी तारीख फार उपयोगी पडते, कारण तिच्यावरून पेटंटचे चित्र शोधता येते. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाचे जुने दस्तऐवज इंटरनेटवर खुले आहेत. तारीख आणि ‘रेडिएटर’ हा शब्द घेऊन शोधा, आणि चित्रातली नक्षी आपल्या फोटोशी पानापानाने, वळणावळणाने ताडून बघा. ‘साधारण तशीच’ नक्षी पुरेशी नाही. स्पर्धक कंपन्या एकमेकींच्या वेलबुट्टीच्या अगदी जवळ जात.

कोणत्या कंपन्या आणि मॉडेल पुन्हापुन्हा समोर येतात?

सर्वात मोठे नाव अमेरिकन रेडिएटर कंपनीचे. १८९२ मध्ये बफेलोची पियर्स आणि डेट्रॉइटच्या दोन कंपन्या एकत्र येऊन ती उभी राहिली. १९२९ मध्ये ती स्टँडर्ड सॅनिटरीशी जोडली गेली, आणि आज नळ-कमोडवर दिसणारे अमेरिकन स्टँडर्ड हे नाव त्यातूनच आले. तिची ऐपत बघायची तर न्यूयॉर्कमध्ये ब्रायंट पार्कसमोर उभे राहावे. १९२४ ची काळ्या विटांची, सोनेरी माथ्याची अमेरिकन रेडिएटर बिल्डिंग, वास्तुकार रेमंड हूड. तिच्या मॉडेलांपैकी रोकोको, पीअरलेस आणि नंतरचे सडपातळ कॉर्टो ही नावे बाजारात सतत कानावर पडतात.

याशिवाय मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफील्डची एच. बी. स्मिथ आणि डेट्रॉइटची युनायटेड स्टेट्स रेडिएटर कॉर्पोरेशन. इंग्लंडमध्ये हलची नॅशनल रेडिएटर कंपनी ही अमेरिकन रेडिएटरचीच शाखा, पुढे ‘आयडियल’ नावाने ओळखली गेलेली. नॉटिंगहॅमजवळची बीस्टन बॉयलर कंपनीही तिथे वारंवार भेटते. किनिअर हे नाव दिसले तर चुंबक लावून खूश होऊ नका. तो दाबलेल्या पत्र्याचा रेडिएटर, बिडाचा नव्हे. चुंबक दोन्हींना चिकटतो. वजन आणि पत्र्याची कड बघा.

नक्षीदार आहे, म्हणजे दुर्मीळच ना?

बहुतेक वेळा नाही. विक्रीच्या जाहिरातींत ‘दुर्मीळ व्हिक्टोरियन’ म्हणून झळकणारा माल बराचसा रोकोको असतो, आणि रोकोको ढिगाने ओतला गेला. तो देखणा आहे, त्याला गिऱ्हाईकही आहे. पण त्याला दुर्मीळ म्हणणे ही विक्रेत्याची हौस.

खरी दुर्मिळता आकारात आणि कामात असते. जेवणाच्या खोलीतला रेडिएटर, ज्याच्या मधोमध ताटल्या आणि पाव गरम ठेवायचे दाराचे कपाट असते, त्याला सर्वात जास्त मागणी. गोलाकार खिडकीसाठी वळवून ओतलेले, कोपऱ्यात काटकोनात बसणारे, खांबाला वेढणारे वर्तुळाकार हे प्रकार कमी मिळतात. फार बुटके, खिडकीखालचे लांबलचक रेडिएटर त्या मानाने सापडतात, पण वापरायला सोयीचे म्हणून पटकन उचलले जातात.

फार जुन्या प्रकारांचा बाजार वेगळाच आहे. १८५४ च्या पेटंटचा स्टीफन गोल्डचा रेडिएटर म्हणजे जागोजागी चिमटून जोडलेले लोखंडी पत्रे, म्हणून त्याला ‘मॅट्रेस’ म्हणत. नेसन आणि ब्रिग्ज यांच्या १८६३ च्या पेटंटमध्ये बिडाच्या पायावर उभ्या लोखंडी नळ्या आट्यांनी बसवलेल्या. १८७० च्या दशकातला बंडी लूप म्हणजे पायावर उभी केलेली बिडाची वळसेदार वेटोळी, वर जाळीदार झाकण. हे तुकडे संग्राहक आणि संग्रहालये बघतात, घर तापवणारा माणूस नाही. बंडी लूपचे वरचे झाकण हरवले असेल तर किमतीतला मोठा वाटा त्याच्याबरोबर गेला असे समजा.

वाफेचा की गरम पाण्याचा, हे कसे ओळखायचे? आणि त्याने किमतीत फरक पडतो का?

पडतो, आणि बराच. दोन सेक्शनच्या मधल्या फटीत वरच्या बाजूला बघा. वरही आणि खालीही गोल जोड असेल तर तो गरम पाण्याचा. फक्त खाली जोड आणि वर मोकळी फट असेल तर तो फक्त वाफेचा. नक्षीच्या पानांमुळे फट भरल्यासारखी वाटते, म्हणून पोस्टकार्डाएवढा जाड कागद वरून आत सरकवून बघा. वाफेच्या रेडिएटरमध्ये तो अडत नाही.

कारण साधे आहे. वाफ हलकी, खालून शिरली तरी वर चढते आणि हवेला एअर व्हेंटमधून बाहेर ढकलते. पाणी मात्र खालच्या वाटेनेच निघून जाते आणि प्रत्येक सेक्शनच्या माथ्यावर हवा कोंडते. ती काढायची तर प्रत्येक सेक्शनला वेगळा ब्लीडर लागेल. म्हणून फक्त वाफेचा रेडिएटर गरम पाण्याच्या यंत्रणेत चालत नाही. उलट बाजूने अडचण नाही: वर-खाली जोड असलेला वाफेवरही चालतो. त्यामुळे त्याचे गिऱ्हाईक दुप्पट, आणि भावही त्याला चांगला. जाहिरातीत ही गोष्ट लिहिलेली नसेल तर विक्रेत्याकडून वरच्या फटीचा फोटो मागवा.

वाफेच्या रेडिएटरची आणखी एक खूण: खालच्या बुशिंगमधले (पाइप जोडायच्या आटेदार बुचातले) भोक मध्यावर नसून खाली सरकलेले असते, म्हणजे वाफ थंड होऊन झालेले पाणी आत न साचता परत बॉयलरकडे वाहते.

तो किती उष्णता देतो, हे किमतीसाठी कशाला हवे?

कारण वापरण्यासाठी घेणारा गिऱ्हाईक खोलीच्या मापाने घेतो. जुन्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक सेक्शनची क्षमता ‘चौरस फूट’ या मापात देत. इथे चौरस फूट म्हणजे पृष्ठभाग टेपने मोजायचा नाही, ते उष्णतेचे एकक आहे: वाफेवर तासाला २४० बीटीयू (उष्णता मोजायचे ब्रिटिश एकक), आणि सरासरी १७० अंश फॅरनहाइटच्या पाण्यावर १५० बीटीयू.

३८ इंच उंचीचा एक सेक्शन घेतला तर एक कॉलमला ३, दोन कॉलमला ४, तीन कॉलमला ५ आणि चार कॉलमला ८ चौरस फूट धरतात. २६ इंच उंचीला हेच आकडे अनुक्रमे २, २.६७, ३.७५ आणि ५ असे आहेत. म्हणजे तीन कॉलमचा, ३८ इंची, दहा सेक्शनचा रेडिएटर ५० चौरस फुटांचा. वाफेवर तो तासाला १२,००० बीटीयू देईल, पाण्यावर ७,५००. आजचे कार्यक्षम बॉयलर पाणी १७० पेक्षा बरेच थंड ठेवतात, तेव्हा उत्पन्न आणखी उतरते. घेणाऱ्याने हे आधीच धरावे.

यावरून वजनाचाही अंदाज बांधता येतो. कॉलम प्रकारात एका चौरस फुटामागे ढोबळ मानाने ७ पौंड बीड असते. वरचा रेडिएटर ३५० पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळपास १६० किलो. दोन माणसे आणि भरपूर आत्मविश्वास एवढ्यावर तो जिन्याने खाली येत नाही.

चालू आहे की फुटका, हे घेण्याआधी कसे तपासायचे?

बाजारात माठ घेताना टिचकी मारतात, तसे लोक रेडिएटरवर हातोडी वाजवून बघतात. बद्द आवाज आला तर शंका घ्यावी, पण खणखणीत आवाज आला म्हणून खात्री धरू नये. निपलमधली (दोन सेक्शन जोडणाऱ्या आखूड नळीतली) गळती आवाजावरून कळत नाही.

खरी तपासणी पाण्याच्या दाबाची. सगळी भोके बुचांनी बंद करायची, एका वरच्या भोकातून हवा पूर्ण निघेपर्यंत पाणी भरायचे, मग हातपंपाने दाब चढवायचा. घरगुती गरम पाण्याच्या यंत्रणेतला सुरक्षा व्हॉल्व्ह ३० पीएसआयला (दर चौरस इंचावर ३० पौंड दाबाला) उघडतो, म्हणून ४५ पीएसआयवर अर्धा-पाऊण तास काटा हलला नाही तर रेडिएटर ठीक. वाफेच्या घरगुती यंत्रणेत दाब २ पीएसआयच्या आतच असतो, तिथे एवढ्या दाबाची गरज नाही. दाबलेल्या हवेने जोरदार चाचणी कोणी करू लागला तर लांब उभे राहा. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे तडा गेला तरी ते नुसते गळते. कोंडलेली हवा मात्र बिडाचे तुकडे उडवते.

तडा शोधायची पहिली जागा म्हणजे सेक्शनचा खालचा भाग. रेडिएटर अंगणात किंवा न तापवलेल्या गॅरेजमध्ये पडून राहिला, आत थोडे पाणी राहिले आणि थंडीत गोठले, की तळाशी केसाएवढी उभी चीर जाते. ताजा रंग नेमका खालीच फासलेला असेल तर विचारा, का?

गळती किंवा तडा दुरुस्त होतो का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेक्शनच्या मधून गळत असेल तर बहुधा निपल गंजले आहे, आणि ते बदलता येते. बहुतेक अमेरिकन रेडिएटरमध्ये दोन्ही बाजूंना निमुळती, आटे नसलेली पुश निपल असतात आणि लांब सळया सेक्शन आवळून धरतात. सळयांचे नट सोडायचे, मग वर आणि खाली दोन पहारी घालून आळीपाळीने, थोडेथोडे उघडायचे. एकाच टोकाला जोर दिला की जोडाचा कान तुटतो. जुने निपल कॅलिपरने मोजून त्याच मापाचे नवे मागवतात, ‘दिसायला सारखे’ चालत नाही. जुन्या आणि युरोपीय मालात उजव्या-डाव्या आट्यांची निपल असतात. ती सोडवायला सेक्शनच्या आतून जाणारा खास लांब पाना लागतो, आणि आटे गंजून एकजीव झाले असतील तर सोडवण्याच्या भानगडीत न पडणे शहाणपणाचे.

सेक्शनलाच तडा असेल तर गोष्ट अवघड. बीड वेल्डिंग करता येते, पण आधी तापवून, निकेलच्या रॉडने, आणि हळूहळू थंड करून. घाई केली की शेजारी दुसरी चीर पडते. इपॉक्सी लावून ‘दुरुस्त’ केलेला रेडिएटर शोभेचा धरूनच भाव ठरवा. तडा गेलेला सेक्शन मधला असेल तर तो काढून बाकीचे जोडता येतात. पाय मात्र टोकाच्या सेक्शनलाच असतात, म्हणून तुटका पाय हा मधल्या तड्यापेक्षा महाग दोष. बदली सेक्शन त्याच मॉडेलचा, त्याच उंचीचा आणि त्याच निपलचा हवा.

दोन मॉडेलचे सेक्शन जोडून तयार केलेले रेडिएटरही विकायला येतात. माथ्याच्या रेषेवर पट्टी ठेवा आणि नक्षी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळ्याखालून घाला. मध्येच पान बदलले तर भाव उतरवा.

जुना रंग काढल्याने किंमत वाढते का?

नीट काढला तर वाढते, घरात घासून काढला तर धोका वाढतो. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिशाच्या रंगावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या रेडिएटरवर शिसे आहेच असे धरून चाला. कोरडे घासू नका, ब्लोटॉर्चने जाळू नका. लहान मुले किंवा गरोदर बाई घरात असेल तर हे काम घराबाहेर, कारखान्यातच. तिथे सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) करून त्याच दिवशी प्रायमर मारतात, कारण उघडे बीड काही तासांत लालसर होते. दाबाची चाचणी ब्लास्टिंगच्या आधी आणि नंतरही करून घ्या. कधीकधी गंजानेच गळती बुजवलेली असते.

पाइपांना जुने पांढरे वेष्टण असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. तपासून घेतल्याशिवाय ते फोडू नका.

चंदेरी किंवा सोनेरी धातूचा रंग जुन्या रेडिएटरवर हमखास सापडतो. असा रंग सर्वात वर असला की उष्णता साधारण दहा टक्क्यांच्या आसपास कमी मिळते, कारण धातूचा चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचे किरण कमी सोडतो. वर साध्या रंगाचा एक हात दिला तरी हा तोटा जवळपास भरून निघतो, सगळे खरवडायची गरज नाही. मात्र कारखान्यातली मूळ दोन-तीन रंगांची नक्षी शाबूत असेल तर हात लावू नका. ती आता फार थोड्या तुकड्यांवर उरली आहे आणि संग्राहक तिचेच पैसे देतो.

नवीन नक्कल तर नाही ना?

ब्रिटनमध्ये जुन्या नक्षीचे नवे रेडिएटर आजही ओतले जातात आणि उघडपणे नवे म्हणून विकले जातात. गडबड होते ती ते दुसऱ्या हाताला गेल्यावर. बूच काढून आत बोट घाला: शंभर वर्षे चाललेल्या रेडिएटरमध्ये काळा-तपकिरी चिखल किंवा गंजाचे पापुद्रे असतात. आटे मोजा. अमेरिकन जुन्या मालात अमेरिकन पाइपचे आटे, नव्या ब्रिटिश मालात ब्रिटिश. सगळे सेक्शन, सगळे पाय एकसारखे गुळगुळीत आणि जोडांवर रंगाचा एकही जुना थर नाही, हे पटण्यासारखे नसते.

शेवटी भाव काढायचा कसा?

खालून वर जा. तळाची किंमत भंगाराची: वजन गुणिले जवळच्या यार्डाचा बिडाचा दर. तिच्या खाली कोणी मागितले तर देऊ नका. त्यावर वापराची किंमत: तपासलेला, गरम पाण्यावर चालणारा, सोयीच्या उंचीचा असेल तर जुन्या इमारतींचे सामान विकणारी दुकाने सेक्शनमागे भाव करतात. त्यावर नक्षी, अखंड पाय, मूळ व्हॉल्व्ह, आणि जोडी किंवा संच असणे. एकाच घरातले, एकाच मॉडेलचे सहा रेडिएटर सुट्या सहांपेक्षा जास्त मोलाचे, कारण पूर्ण मजला सजवणाऱ्याला दुसरीकडे तसा संच मिळत नाही. सर्वात वर दुर्मीळ आकार.

मग वजाबाकी: उतरवणे, वाहतूक, चाचणी, ब्लास्टिंग, रंग. पूर्ववत केलेल्या नक्षीदार रेडिएटरला अमेरिकेत शेकड्यांत डॉलर मागतात, ताटल्यांच्या कपाटाचे हजारांत जातात. तुमच्या तळघरातल्या, सात थर रंगाच्या, न तपासलेल्या तुकड्याला तोच आकडा लावू नका. मधला फरक बहुतांशी मजुरीचा आहे. आणि मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्षात विकले गेलेले भाव बघा. वर्ष-वर्ष न विकली गेलेली जाहिरातच इंटरनेटवर सर्वात जास्त दिसते.

कपाटाच्या रेडिएटरचे दार, बिजागरीची खीळ, कडी आणि आतली फळी मूळची आहेत का, हे आधी पाहा. दाराची नक्षी बाजूच्या नक्षीशी जुळत नसेल तर ते दुसरीकडून आणलेले. अशाचा भाव साध्या रेडिएटरपेक्षा वर, पण अखंड तुकड्याच्या बराच खाली.

मूल्यमापन कोणाकडून करून घ्यावे?

जो विकत घ्यायला तयार आहे त्याच्याकडून नाही. तो सांगेल तो त्याचा खरेदीचा भाव. विम्यासाठी किंवा वाटणीसाठी लेखी मूल्यमापन हवे असेल तर ठरलेली फी घेणारा मूल्यमापक गाठा. किमतीच्या टक्केवारीवर फी मागणारा टाळा. त्याला मापे, ओतीव अक्षरांचा कागदी ठसा, वरच्या फटीचा, तळाचा, चारही पायांचा आणि दोन्ही टोकांचा फोटो, आणि दाबाच्या चाचणीचा निकाल एकदमच द्या.

भारतात आणावा का?

गरम करायला नाही. शोभेला हवा असेल तर भाडे वस्तूपेक्षा जास्त पडण्याची तयारी ठेवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत उघडे बीड गंजतेच, त्यामुळे रंग तिकडेच करून, आतले पाणी पूर्ण सुकवून पाठवावा.

घर विकताना रेडिएटर आपल्याबरोबर नेता येतो का?

अमेरिकेत पाइपला जोडलेला रेडिएटर सर्वसाधारणपणे घराचाच भाग धरला जातो आणि घराबरोबर जातो. न्यायचा असेल तर घर दाखवायला सुरुवात करण्याआधीच तो काढून त्या जागी दुसरा बसवा, किंवा विक्रीच्या करारात तो नावानिशी वगळा. तोंडी बोलण्यावर राहू नका. काढताना आधी यंत्रणा थंड करून त्या भागातले पाणी सोडा. व्हॉल्व्हचा मोठा नट अडला तर पाइप दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर पिळवटून भिंतीतला जोड तुटतो. रेडिएटर पायांवर ओढू नका. खाली फळी सरकवून, आडवा न पाडता ट्रॉलीवर घ्या.